धाग्याला टांगलेली चावी

रूपकंवरचा पाय बादलीला लागला, बादली कलंडली, आणि नेमकं त्याच घटकेला पुढे दुकानात स्टेशनवरच्या सुकराम हमालानं आरोळी दिली, "शेठ, सुरतथीन चिठ्ठी! गार्डनी दिधी!" पाणी मागच्या ओट्यावरून पसरत तुळशीपर्यंत गेलं. ती तशीच उभी राहिली. पायाचा अंगठा ठणकत होता, आणि ती बादलीकडे बघत होती. पितळेची बादली, माहेरची, काठाजवळ पोचा आलेली. दुसरी कुणी बाई असती तर चार शिव्या देऊन पुन्हा विहिरीवर गेली असती. पण रूपकंवरला ठाऊक होतं की कुठल्याशा थंड मुलखात, जिथं लोक सकाळी उठून एकमेकांना हवेबद्दल सांगतात, तिथं माणूस मेला की म्हणतात, त्यानं बादलीला लाथ मारली. काय म्हणून म्हणतात, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तो हसत सुटला होता, तीही तोंडात पदर कोंबून हसली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून बादलीला वळसा घालून चालायला लागली होती. तीन वर्षं घातलेला वळसा आज चुकला.

सांगणारा म्हणजे तिचा नवरा. त्याचं नाव ती घ्यायची नाही, म्हणून आपणच घेऊ: चंपालाल. खांडबाऱ्याच्या बाजारपेठेतल्या उमेदमल शेठच्या कापडदुकानाचा एकुलता वारस, मॅट्रिक होऊन सुरतेला पुढे शिकायला राहिलेला, आणि महिन्यापूर्वी तिथंच विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेला. उमेदमल एकदा जाऊन पाहून आला होता. दवाखाना स्वच्छ, डॉक्टर गोरा, त्याचं बोलणं फक्त कंपाउंडरला कळतं, असं सांगत परत आला होता. ताप चढतो-उतरतो, दुकान किती दिवस बंद ठेवणार? रूपकंवरला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासऱ्याच्या कानावर तिचा आवाज कधी पडला नव्हता. काही सांगायचं झालं तर ती भुवाजींच्या कानाशी कुजबुजायची आणि भुवाजी सांगायच्या. भुवाजी म्हणजे छोटीबाई, उमेदमलची थोरली बहीण, बालविधवा. सासू लवकर गेली, तेव्हापासून घर त्यांच्याच हातात होतं. मारवाडातून आलेल्या या घराची तिसरी पिढी आता गावासारखंच बोलत होती. पण घुंगट मात्र मारवाडातून निघाला होता तेवढाच लांब राहिला होता, त्यातलं एक बोटही वाटेत गळालं नव्हतं.

दुकान आणि माजघर यांच्यामध्ये एक दार होतं आणि दाराला पडदा होता. ओल्या पायांनी ती पडद्यामागे येऊन उभी राहिली. फटीतून उमेदमल दिसत होता. त्यानं पाकीट फोडलं, कागद काढला, आणि वाचायला येत नसलेला तो कागद प्रकाशात धरून आधी त्याचे चारही कोपरे बघितले. मरणाच्या चिठ्ठीचा कोपरा फाडलेला असतो. तशी चिठ्ठी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेरच वाचून तिथंच फाडतात. मारवाडापासून सुरतेपर्यंत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चारही कोपरे धड होते. उमेदमलनं श्वास सोडला, तो इतका मोठा की लुगडं बघायला बसलेल्या दगूबाईनंही मान वर केली. "कोपरा शाबूत शे," तो तिला म्हणाला, दुकानाला म्हणाला, गादीला म्हणाला. "पोऱ्या बरा शे मन्हा. मास्तरले बलाव रे सुकराम." पडद्यामागे रूपकंवरनं तेच चार कोपरे पाहिले, आणि तिला मुळीच धीर आला नाही. गोऱ्या डॉक्टरला कोपरा फाडायचं कोण शिकवणार होतं?

योसेफ मास्तर आला. नवापूरकडच्या डोंगरातल्या गावाचा, मिशनच्या शाळेत शिकलेला, आता इथल्या शाळेवर. साऱ्या बाजारपेठेचे इंग्रजी कागद तोच वाचायचा. त्याच्या वाचनाची एक पद्धत होती, ती गिऱ्हाइकांनीच पाडली होती. आधी सगळं इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं, मग अर्थ सांगायचा. कळत कुणालाच नसे, पण इंग्रजी कानावर पडल्याखेरीज कागद वाचला असं लोकांना वाटत नसे. मास्तरानं चष्मा लावला, घसा साफ केला. वाचता वाचता त्याचा आवाज खाली खाली गेला. पण पडदा काही भिंत नव्हे. रूपकंवरला सगळे शब्द कळले नाहीत. मधले लांबलचक दवाखान्याचे शब्द वरून निघून गेले. मग एक वाक्य आलं आणि ते थेट तिच्याकडे चालत आलं. हिज लाइफ इज हँगिंग बाय अ थ्रेड. आणि त्याच्या पाठोपाठ, वुई हॅव नॉट गिव्हन अप, बट कम बाय द फर्स्ट ट्रेन. वाचून झालं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उमेदमल त्याच्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा आधीच हसरा झालेला होता. कोपरे धड होते ना.

"काय लिखेल शे, मास्तर?"

"ताप..." मास्तर म्हणाला. "ताप उतरी ऱ्हायना, शेठ. डागदर म्हनस, काळजीनं कारन नही. सवड व्हयनी म्हंजे या."

"मी सांगेल नव्हतं?" उमेदमलनं दगूबाईकडे पाहून मांडीवर थाप मारली. "आते परवा जासू. ताई वं! लापशी कर आज, लापशी!" आणि मास्तरच्या हातावर खडीसाखरेचा भला मोठा खडा ठेवला. मास्तर तो खडा धरून बसून राहिला, त्यानं तो तोंडात घातला नाही.

रूपकंवर तिथून सरकली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिला धागा दिसत होता. खरोखरचा, दुकानातल्या रिळाचा, पांढरा. मागच्या उन्हाळ्याची सुट्टी, दुपार, वरच्या खोलीत कवाड लोटून घेतलेलं. चंपालाल सुट्टीत यायचा तो इंग्रजीची ही वाकडी वाक्यं खिशात भरून यायचा, दुसऱ्यांचे नवरे बायकोला बांगड्या आणतात तसा. बाराखडी त्यानं पहिल्याच वर्षी शिकवली होती, पुढच्या वर्षी इंग्रजी अक्षरं. मग म्हणाला, शब्द कुणीही शिकेल, गंमत पुढेच आहे. एक 'गिव्ह' घे. गिव्ह म्हणजे देणं. त्याला शेपूट लाव 'अप', झालं आशा सोडणं. 'इन' लाव, झालं हार मानणं. ती वैतागली होती. शेपटावर सगळा जनावराचा स्वभाव कसा? तर तो म्हणाला, आपलं काय वेगळं आहे? हाती लागणं, मनाला लागणं, नादी लागणं, भूक लागणं. एकच लागणं, पण दर वेळी दुसरंच. ती विचार करून म्हणाली होती, "बाईनं पन तसंच शे. माहेरमा एक, सासरमा दुसरी." त्यावर तो तिच्याकडे बघत राहिला होता, आणि त्यानं हे वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं होतं. आपलं म्हणणं कुणी उतरवून घ्यावं, हे रूपकंवरच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्या दुपारी त्यानं खुंटीला तो धागा बांधला आणि त्याला तिजोरीची लोखंडी चावी लटकवली. बघ, म्हणाला, हा हँगिंग बाय अ थ्रेड. तुटला का? नही. तुटेल का? सांगता येत नाही. बस्स, एवढाच अर्थ. दोघं खाटेवर उताणे पडून ती चावी बघत राहिले. ती हळूहळू गिरकी घ्यायची, थांबायची, उलटी गिरकी घ्यायची. रूपकंवरचा जीव धागा बघून कासावीस झाला होता. ती म्हणाली, काढा ना. तो म्हणाला, थांब, बघू तरी. चावी संध्याकाळपर्यंत लटकत होती. शेवटी काय झालं होतं? तिला आता आठवेना. पडली होती की काढली होती? ती डोळे मिटून खुंटी आठवत राहिली, आणि खुंटी आठवत होती, पण चावी दिसत नव्हती.

स्टेशनवर पहिली घंटा झाली. सुरतेकडची पॅसेंजर नंदुरबारहून सुटली की इथं ती घंटा व्हायची, मग गाडी यायला तासभर. तासात ती यायची, जायची, आणि मग थेट दुसऱ्या दिवशी. परवा जाऊ, सासरा म्हणाला होता. परवापर्यंत धागा काय करेल? उठून सांगावं. काय सांगावं? सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं की मला इंग्रजी येतं. आणि ते सांगायचं म्हणजे काय, हे या घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. भुवाजींचं उदाहरण तोंडावर कुणी काढत नसे, पण पापड लाटताना, चौथ पुजताना, शेजारणी आवाज खाली करून तेच बोलत. छोटीबाई बारा वर्षांची असताना नवऱ्याकडून अक्षरं शिकली, त्याला पहिली चिठ्ठी लिहिली, आणि चिठ्ठी पोचायच्या आत तो प्लेगानं गेला. बाईनं लेखणी धरली की धन्याचं आयुष्य त्या शाईत उतरतं. रूपकंवरनं हे ऐकलं होतं, मनात हसली होती, आणि वही पापडाच्या डब्याच्या तळाशी आणखी खोल सारली होती. हसली होती, पण मग खोल का सारली? ती मनात मोजायला लागली. तीन वर्षं. रोज एक वाक्य धरलं तर हजारावर वाक्यं. आयुष्य एवढ्या शाईला पुरतं का? आणि शेवटची तीन वाक्यं तर तिनं आपणच लिहिली होती, मागच्या पंधरवड्यात, तो तापात असताना, एकटेपणाला तोडगा म्हणून. ती घाबरली होती त्याच्या मरणाला, आणि त्याहून जास्त या गोष्टीला, की ते मरण तिच्या हातून जात असेल. मग तिला एक हलकट विचार सुचला. गप्प बसलं तर? मास्तर शिकलेला माणूस. तो म्हणतो ताप उतरतोय, तर उतरत असेल. आपल्याला काय कळतं, आपलं ज्ञान ते केवढं, पापडाच्या डब्याएवढं. परवा सगळे मिळून जातील, जे व्हायचं ते झालेलं असेल, आणि कुणाला कधी कळणार नाही की पडद्यामागे एका बाईला आधीच कळलं होतं. हा विचार किती सोपा होता! तो तिनं दोन-तीन श्वास तोंडात घोळवला, आणि मग तिला तो मास्तरच्या हातातल्या खडीसाखरेसारखा गिळवेना.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. छोटीबाई चुलीपुढे बसून लापशीचा दलिया तुपात परतत होत्या. भाचा बरा आहे म्हणून त्यांच्या सुरकुतलेल्या गालावर लाली आली होती. रूपकंवरनं पापडाचा डबा काढला, पापड परातीत उपडे केले आणि तळातली चाळीस पानी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. छोटीबाईंचा हात थांबला. पहिल्या पानावर चंपालालचं वळणदार अक्षर होतं, त्याखाली रूपकंवरचं, थोरल्याचं बोट धरून चालावं तसं. त्यांनी वही उचलली. उलटी नाही धरली. एवढ्या वर्षांत त्यांना कागद हातात धरलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण वही त्यांनी सुलटी धरली.

"ती चिठ्ठी तू आयकी?" त्यांनी विचारलं.

"हा."

"मास्तर खोटं बोलना?"

रूपकंवरनं मान हलवली, आणि मग तिला रडू फुटलं. "जीव धागाले लटकेल शे, असं लिखेल शे. पहिली गाडी धरीसन या, असं शे. भुवाजी, मन्हामुळे व्हयनं. मी लिखं. मी पाप करं." ती वाट बघत राहिली. उलथण्याचा फटका बसेल, केस धरले जातील, निदान वही चुलीत जाईल. तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं, शिक्षा झाली की हिशेब मिटतो असं मनाला वाटतंच. दलिया करपायला लागला होता. छोटीबाईंनी तो चुलीवरून उतरवला, कारण काही झालं तरी अन्न करपू द्यायचं नसतं.

"किती वरीस शिकनी?"

"तीन."

"तीन वरीस तो घोडागत फिरना, तवय तुन्ही शाई काय करी ऱ्हायंती?" त्या चुलीकडे बघून बोलत होत्या. "मन्हा धनी पिलेगमा गयात. गावमा चाळीस जन गयात. त्या चाळीस जनस्न्या बायास्नी काय कागद लिखेल व्हता का? मी एकलीनीच लिखा. पंचेचाळीस वरीस व्हयनात, मी हाऊ हिशेब करी ऱ्हायनू, आनि कोनी माले इचारं नही." त्यांचा आवाज चढला नाही, उलट कोरडा झाला. मग त्यांनी वही मिटून पापडाच्या डब्यात नाही, तर आपल्या मांडीवर ठेवली. "जाय. सांग सासराले."

"तुम्ही सांगा ना."

"मी सांगसू त तो म्हनी, बाईले भीती वाटनी. इंग्रजी माले येस का? तूच जाय."

पडदा. हातभर अंतरावर दुकान, त्यात सासरा, मास्तर, दगूबाई, लुगड्यांचा खळीचा वास. रूपकंवरनं घुंगट छातीपर्यंत ओढला. सासऱ्याशी बोलायचं तर सुरुवात कशी करतात हेच तिला माहीत नव्हतं. कधी केलीच नव्हती. म्हणून जे तोंडात तयार होतं तेच आलं. "हिज लाइफ इज हँगिंग बाय अ थ्रेड," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दुकानातलं सगळं थांबलं. उमेदमल पडद्याकडे न बघता, पडद्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघू लागला, जणू भिंतच बोलली होती. "बापूजी," तिनं पुढे रेटलं, "त्यास्ना जीव धोकामा शे. आजनी गाडीवर बलायेल शे. परवा नही. आज."

योसेफ मास्तरनं खडीसाखरेचा खडा गादीवर ठेवला. "बाई खरं सांगी ऱ्हायन्यात, शेठ," तो म्हणाला. "तुम्ही कोपरा दखात आनि हासनात. मन्ही जीभच उचलनी नही. माले माफ करा." तो रडत होता, चष्मा न काढता.

उमेदमलनं कागद पुन्हा उचलला. पुन्हा चारही कोपरे बघितले, एकेक, बोट फिरवून. "पन फाडेल नही शे," तो म्हणाला. म्हाताऱ्याचा आवाज एकाएकी लहान झाला होता. आणि पडद्यामागून, सहा वर्षांत दुसऱ्यांदा, सुनेचा आवाज आला. "गोरा डागदरले आपली रीत कोठे माहीत, बापूजी." त्यावर उमेदमलनं पगडी डोक्यावर ठेवली, ती वाकडी बसली, आणि ती सरळ करायचं त्याला सुचलं नाही. "बहूले तयार कर, ताई," तो आत बघून ओरडला. "ती पन येस."

गाडीत ती खिडकीजवळ बसली आणि सासरा समोरच्या बाकावर, अंग चोरून, दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून. बाहेर साग, मग मोहाची झाडं, डब्यात मोहाचा गोड उबट वास. चिंचपाडा गेलं. एक माणूस कोंबड्यांची टोपली घेऊन चढला आणि उतरला. रूपकंवरची भीती तशीच होती, पण आता तिच्याबरोबर आणखी कुणीतरी भ्यालेलं होतं, हे तिला दिसत होतं. उमेदमलचा अंगठा खिशातल्या कागदाच्या कोपऱ्यावर होता आणि तो तिथून हलत नव्हता. नवापूर आलं तेव्हा तो खिडकीलाच म्हणाला, "धागा तुटना, असं त नही लिखेल?"

"नही. लटकेल शे, असंच."

"म्हंजे शे अजून."

"सकाळपावत व्हता," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

उमेदमल कापडवाला माणूस, त्याची बोटं नकळत उपरण्याच्या दशा ओढून बघत होती. मग म्हणाला, "तठे कंपाउंडर शे. तो डागदरनं आयकीसन माले सांगी. मास्तरसारखाच सांगी, गोड करीसन. माले मधला मानूस नको. पोऱ्या वाची का, हाई डागदरले इंग्रजीमा कसं इचारतस?"

वहीच्या शेवटून तिसऱ्या ओळीत, तिच्याच अक्षरात, मागच्या पंधरवड्यात लिहिलेलं होतं ते. "विल ही पुल थ्रू," ती म्हणाली.

"इल ही पुल थू."

"विल. थ्रू."

"पुल म्हंजे काय?"

"ओढनं. दुखनामाईन माणूस सोताले ओढीसन पार निंघस, तेले म्हनतस."

"आनि डागदर काय म्हनी?"

"यस म्हना, त हा. नो म्हना, त नही."

"तेवढं कळी माले," उमेदमल म्हणाला. आणि मग तो घोकायला लागला. पगडी मांडीवर, टक्कल उघडं, ओठ हलताहेत. सोनगड गेलं, व्यारा गेलं. डब्यातले लोक या म्हाताऱ्याकडे बघत होते आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. थू, म्हणायचा. थ्रू, बापूजी. थिरू. थ्रू. सुनेनं सासऱ्याला दुरुस्त करावं, भर डब्यात, मोठ्यानं, आणि त्यानं निमूट पुन्हा म्हणावं! बारडोलीला ऊन उतरलं. तो जरा बरं म्हणू लागला तशी रूपकंवरच्या मनात एक नवीच भीती शिरली. त्याला येत नव्हतं तोवर काहीतरी करायचं बाकी होतं. त्याला येऊ नये, असं तिला वाटायला लागलं. आणखी एक स्टेशन चुकावं त्यानं. अचानक तिला ती चावी आठवली. पडली नव्हती. संध्याकाळी चंपालालनं खाली तळवा धरून धागा आपणच तोडला होता, दुकान बंद करताना तिजोरीला चावी हवी होती म्हणून. तुटला असता की नाही, हे कधी कळलंच नव्हतं.

उधना मागे पडलं. सुरतेच्या गिरणीचं धुराडं दिसायला लागलं, लोक बोचकी सावरू लागले. उमेदमलनं पगडी डोक्यावर ठेवली, या वेळी सरळ. मग सहा वर्षांत पहिल्यांदा मान वळवून सुनेच्या घुंगटाकडे पाहिलं, आणि सावकाश, एकही अक्षर न चुकता विचारलं, "विल ही पुल थ्रू?"

बरोबर म्हटलं का, हे तो विचारत नव्हता. ते तिला कळलं.

"बरोबर शे, बापूजी," ती म्हणाली.